हलगीच्या घरात गिटार

आमच्या घरात वाद्य आलं की भांडण आलंच.

आजा हलगी वाजवायचा. कागल तालुक्यातलं गाव, मांगवाडा, वाड्याच्या तोंडाला आमचं खोपटं. लग्न असो, मयत असो, जत्रा असो, कुस्तीचं मैदान असो, आज्याला हाळी यायची. 'हलगी घिऊन ये रं.' एवढंच. कधी, किती वेळ, किती पैसे, काही नाही. बलुत्यातलं काम, नाही म्हणायची सोय नव्हती. आजा आगटी पेटवायचा, हलगी शेकायचा, कातडं ताणलं की टिपरू मारून बघायचा आणि निघायचा. पाटलाच्या दारात उभं राहायचं. दारात. आत नाही. मैदानात हलगी-घुमकं कडाडलं की पैलवानाच्या अंगात वारं शिरायचं. कुस्ती झाली की फेटा पैलवानाला आणि आज्याच्या पुढ्यात मातीत टाकलेली चिल्लर. ती वाकून गोळा करायची.

माझा बाप, आम्ही त्याला आबा म्हणायचो, लहानपणीच आत्याकडं कोल्हापुरात आला. डिसेंबर १९५० मध्ये बिंदू चौकात जोतिबा फुल्यांचा आणि बाबासाहेबांचा पुतळा बसला, तेव्हा तो गर्दीत होता. भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं बसलेले पुतळे. बाबासाहेब तेव्हा हयात होते. आबा दहा-अकरा वर्षांचा. कुणाच्या तरी खांद्यावर बसून बघितलं म्हणायचा. पण जत्रंला, लग्नसराईला त्याला गावी जावंच लागायचं. आज्याच्या शेजारी उभा राहून तोही वाजवायचा आणि चांगला वाजवायचा म्हणे. मग १९५६ चा डिसेंबर आला. बाबासाहेब गेले. त्यानंतर आबानं टिपरू हातात धरलं नाही. आजा मेला तेव्हा गावानं रीत म्हणून हलगी लावायचं ठरवलं, तर आबानं ती हलगी हिसकावून घेतली, गुडघ्यावर आपटून कातडं फाडलं आणि नुसतं कडं पिशवीत घालून कोल्हापूरला आणलं. ते कडं आमच्या खोलीत खिळ्याला टांगलेलं असायचं. एका बाजूला बाबासाहेबांचा फोटो, दुसऱ्या बाजूला बिनकातड्याची हलगी. आबा शाहू मिलमध्ये कामाला होता. पाळीवरून आला की आधी फोटोकडं बघायचा, मग कड्याकडं.

अशा घरात मी १९८३ साली गिटार आणली.

तेव्हा मी कॉलेजात होतो आणि सुट्टीत उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत साचे भरायला जायचो. वाळू चाळायची, साचा ठोकायचा, ओतकामाच्या वेळी लांब सरकायचं. गिटार घेतली ती चर्चमध्ये वाजवणाऱ्या एका माणसाकडून, दोनशे रुपयांना, जुनी, कलकत्त्याची गिवसन. त्याला आम्ही मास्तर म्हणायचो. त्याचा आजाही आमच्यातलाच. मिशनऱ्यांच्या काळात ते येशूकडं गेले, आम्ही पुढं बुद्धाकडं आलो. मास्तर हसून म्हणायचा, 'वाट निराळी, पाय तेच.' त्याला भजनापुरत्या चार कॉर्ड येत होत्या. त्या चार त्यानं मला दिल्या. बाकीचं तू बघ म्हणाला.

स्वर लावायला आमच्याकडं मंडळाची पेटी. गिटारीच्या सहा तारा. सर्वांत जाड तार पेटीच्या पांढरी तीनवर लावायची, मग पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि शेवटची बारीक तार परत पांढरी तीनवर. हे एकदा ध्यानात ठेवलं की झालं. शहाण्यांनी याला उगाच इंग्रजी अक्षरं लावून भीती घातलीय. भीमगीतांना साथ करणारी आमची पेटी या परदेशी वाद्याला बिनतक्रार सूर देत होती.

गाणी कॅसेटवर. गावात एक दुकानदार कोऱ्या कॅसेटवर पाहिजे ती गाणी भरून द्यायचा. डीप पर्पल, द अ‍ॅनिमल्स, ब्लॅक सबाथ, जिमी हेंड्रिक्स. नावं मी मास्तरच्या पुतण्याकडून चिठ्ठीवर लिहून नेली होती. टेपरेकॉर्डर वस्तीत एकाच घरात आणि तो सेलवर चालायचा. सेल उतरले की टेप मंद व्हायची, गाणं अर्ध्या सुरानं खाली जायचं. मला वाटायचं माझीच तार चढलीय. मी सैल करायचो. आठवडाभर मी उतरलेल्या सेलच्या सुरात वाजवत होतो, नवे सेल घातल्यावर सगळं बेसूर! शब्द कळायचे नाहीत. ऐकू येतील तसे वहीत देवनागरीत उतरवायचो. ती वही अजून आहे. आज वाचली तर इंग्रजही हसेल आणि मराठीही.

पहिलं जे हाताला लागलं ते 'स्मोक ऑन द वॉटर'. जगातली निम्मी पोरं त्यावरच शिकतात, हे मला पुढं कळलं. १९७१ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमध्ये माँत्रूच्या कसिनोला आग लागली, डीप पर्पलवाले तिथं रेकॉर्डिंगला गेले होते, त्यांनी त्या धुरावर गाणं केलं. १९७२ साली ते आलं. सुरुवातीचा जो तुकडा आहे त्यात स्वर चारच. सा, कोमल ग, शुद्ध म आणि क्षणभर तीव्र म. दोन तारा एकदम छेडायच्या. मला वाटलं होतं डोंगर असेल. निघाली चार पायऱ्यांची वाट. त्या रात्री मी एवढा खूश की शेजारच्या मावशीनं पत्र्यावर दगड मारला.

बोटांचं सांगतो. फौंड्रीनं माझ्या तळहाताला घट्टे दिलेले, त्यामुळं मी मास्तरला म्हणालो, मला काय दुखायचं नाही. पण तार बोटाच्या शेंड्याला कापते, तिथं घट्टा नसतो. पंधरा दिवस मी साच्याची वाळू चिरलेल्या बोटांनी उचलली. आमच्या शेजारच्या प्रेसशॉपात एकाची दोन बोटं पेरापासून गेली होती. मालकानं हातावर थोडे पैसे ठेवले आणि सोमवारपासून येऊ नको म्हणाला. ब्लॅक सबाथचा टोनी आयोमी, बर्मिंगहॅमचा, तोही पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांचे शेंडे गेले. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तोच हात. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, वर चामड्याचा तुकडा चिकटवला आणि पुढं तारा सैल लावून वाजवलं. त्या संगीताला जो जडपणा, घनाचा घाव पडल्यासारखा आवाज आहे, त्यात त्या सैल तारांचा वाटा आहे. हे मी त्या प्रेसशॉपातल्या मित्राला सांगितलं. तो म्हणाला, 'त्याला बाटली मिळाली.' मी गप्प बसलो.

आता आमच्या अभ्यास मंडळाचं. दर रविवारी बैठक. नामांतराची पत्रकं आम्हीच स्टेन्सिल कापून काढायचो. विधिमंडळात ठराव होऊन पाच वर्षं झाली होती, मराठवाड्यात घरं जळून पाच वर्षं झाली होती आणि विद्यापीठाला नाव काही लागत नव्हतं. (नाव लागलं ते १४ जानेवारी १९९४ ला.) एकदा उरलेल्या स्टेन्सिलवर मी कॉर्डचे नकाशे काढले. सहा उभ्या रेघा, आडव्या पट्ट्या, बोट कुठं ठेवायचं तिथं ठिपका. चांगल्या दहा-बारा प्रती काढल्या. त्या नेमक्या सापडल्या. एक ज्येष्ठ कार्यकर्ता, माणूस चांगला, त्यानं सगळ्यांपुढं मला उभं केलं. 'शाईचे पैसे चळवळीचे. आणि हे काय? हिप्पींचे चाळे? व्हिएतनामवर बाँब टाकणाऱ्यांचं गाणं?' मला उत्तर आलं नाही. मान खाली. पैसे भरून दिले.

उत्तर यायला बरीच वर्षं गेली. ते इथं लिहितो, कारण तोच प्रश्न आज दुसऱ्या शब्दांत नवी पोरं विचारतात.

१९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते कुठून? १९६६ साली अमेरिकेत ओकलंडला काळ्यांनी काढलेल्या ब्लॅक पँथर पार्टीकडून. नाव चाललं. मग त्यांचा बाजा का चालू नये? कारण ज्याला आपण गोऱ्यांचं रॉक म्हणतो त्याचा पाया काळ्या गुलामांच्या नातवंडांनी घातलाय. पुढं त्यात गोऱ्या गरिबांचं गाणंही मिसळलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पाया ब्लूज. ब्लूजची बांधणी बारा मापांची, आधार तीनच, सा, म आणि प. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत उत्तर. मध्ये जी जागा सुटते तिथं गिटार झील धरते. जलशात मागं उभे राहून झील धरणारे तुम्ही ऐकले असतील तर ब्लूज समजायला तुम्हाला इंग्रजी येण्याची गरज नाही.

आणि लूट तीच. १९५२ साली बिग मामा थॉर्नटन या काळ्या बाईनं 'हाउंड डॉग' रेकॉर्ड केलं. १९५६ ला तेच एल्विस प्रेस्ली या गोऱ्या पोरानं गायलं आणि राजा झाला. आर्थर क्रुडप या काळ्या गायकाच्या गाण्यानं प्रेस्लीची सुरुवात झाली, क्रुडपच्या हाती हक्काचे पैसे जवळजवळ लागलेच नाहीत. 'हाउस ऑफ द रायझिंग सन' हे कुणी रचलं ते ठाऊक नसलेलं लोकगीत. १९६४ ला अ‍ॅनिमल्सच्या पाच पोरांनी ते वाजवलं, रेकॉर्डवर बांधणीला नाव लागलं एकट्याचं. मालकीचा कागद ज्याच्या खिशात त्याचं गाणं. सातबाऱ्यासारखंच की.

चक बेरीचं तर मला फार लागतं. १९५८ चं त्याचं 'जॉनी बी. गूड'. एक गरीब पोरगा, लिहिता-वाचता धड येत नाही, पण गिटार अशी वाजवतो की बघत राहावं. बेरीनं स्वतः सांगितलंय की आधी त्यात काळा पोरगा असा शब्द होता. रेडिओवर लागावं म्हणून त्यानं तो खेड्यातला पोरगा असा केला. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयजर यान आकाशात सोडलं, त्यातल्या सोन्याच्या तबकडीत हे गाणं आहे. म्हणजे एका काळ्या माणसाचं गाणं सूर्यमालेबाहेर गेलं, पण रंग पुसून गेलं. मी खोली भाड्यानं बघायला जायचो तेव्हा आडनाव विचारायचे. मी गावाचं नाव सांगायचो. गाव कागल तालुक्यात, एवढं म्हणून गप्प.

एक फरक मात्र आहे आणि तो मला फार उशिरा कळला. १७३९ ला साउथ कॅरोलायनात गुलामांनी उठाव केला, ढोल वाजवत. पुढच्याच वर्षी मालकांनी कायदा केला आणि गुलामांना ढोल बंद. ढोलातून निरोप जातो, पोरं उठतात, ही भीती. तिथं मालकानं ढोल हिसकावून घेतला. इथं मालकानं हलगी आमच्या गळ्यात अडकवली. तिथं वाजवणं हा गुन्हा, इथं न वाजवणं हा गुन्हा. म्हणून तिथल्या नातवानं ढोल परत मिळवला की तो मुक्त होतो. आमच्या आबाला मुक्त व्हायला हलगी फाडावी लागली. हे एकमेकांवर ठेवून बघितल्याशिवाय 'आपणही आपली वाद्यं अभिमानानं वाजवू या' असं पटकन म्हणू नये. मी म्हणत होतो. खूप वर्षं म्हणत होतो.

लग्नाचं राहिलं. ते टाळावंसं वाटतं, पण त्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

१९८४ ची लग्नसराई. वस्तीतल्या बेंजो पार्टीनं मला बोलावलं. आपला बेंजो म्हणजे पट्ट्यांची वरात वाजवायची पेटी, तिचं मूळ जपानी. अमेरिकेतला बँजो वेगळा, तो आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांचा. नाव तेवढं सारखं. तर पार्टीला गिटार पाहिजे होती, नवीन फॅशन म्हणून. पंच्याहत्तर रुपये. मी गिटारीला पिकअप बसवून घेतला, भोंग्याला जोडला. एका बड्या घरची वरात. पुढं हलगीवाले, मग बेंजो, मग मी. सिनेमाची गाणी झाली. वरातीतला एक जण प्यालेला, म्हणाला, 'ए, विंग्लिश वाजव.' मी ते चार स्वर वाजवले. पोरं नाचायला लागली. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, जिंकलो. मग त्यानं दहाची नोट काढली, नवरदेवाच्या तोंडावरून ओवाळली आणि माझ्या पायाशी टाकली.

गिटार गळ्यात होती. मी वाकलो. उचलली.

जेवण मांडवामागं, टेंपोच्या आडोशाला, पत्रावळीवर. वाढणाऱ्यानं वरून टाकलं. हलगीवाल्या पोरांना त्यात काही वेगळं वाटलं नाही, ती जेवत होती. मी इंग्रजी वाजवणारा, मलाही त्याच पंगतीला बसवलं होतं.

वस्तीत बातमी माझ्याआधी पोचली. आबा दारात उभा होता. मारेल असं वाटलं. नाही मारलं.

'आज्यानं उचललं,' तो म्हणाला. 'मी न्हाई उचललं. तू परत वाकलास.'

एवढं बोलून आत गेला. पंच्याहत्तर आणि दहा, पंच्याऐंशी रुपये मी मंडळाच्या पेटीत टाकले. गिटार पोत्यात गुंडाळून माळ्यावर.

ती माळ्यावर दोन महिने होती असं मला वाटत होतं. माझी धाकटी बहीण मी फौंड्रीत गेल्यावर ती काढायची, हे तिनं वीस वर्षांनी सांगितलं. मी तिला कधी हात लावू दिला नव्हता. मी अभ्यास मंडळात स्त्रीमुक्तीवर बोलायचो बरं का. सिस्टर रोझेटा थार्प ही काळी बाई चक बेरीच्याही आधी, चाळीसच्या दशकात, विजेची गिटार घेऊन सभागृहं दणाणून सोडत होती, हे मी बहिणीला आता सांगितलं. ती म्हणाली, 'मग?'

पावसाळा लागला. एका रात्री मी गिटार काढली. आबा दुसरी पाळी करून आला होता, भिंतीकडं तोंड करून आडवा झालेला. मी हळू आवाजात 'रायझिंग सन' धरलं. ते सहा मात्रांचं आहे, आपल्या दादऱ्यासारखं. एकेका कॉर्डवर सहा आघात, तारा एकेक करून सोडायच्या. पहिली कॉर्ड ए मायनर, मग सी, मग डी आणि चौथी एफ. एफला पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा एकदम दाबाव्या लागतात. शिकणारा तिथंच मरतो. मीही दर फेरीला तिथं मरत होतो.

'चौथ्या जागी आडखाळतोस.'

आबाचा आवाज. तोंड भिंतीकडंच.

'बोटं हलत्यात तवर ठेका थांबीवतोस. ठेका थांबत नस्तोय. सूर चुकला तर चुकू दे. पुढं जा.'

मी पुन्हा धरलं. पुन्हा अडखळलो. तेव्हा तो उठून बसला. उशाशी पत्र्याची ट्रंक होती. उजव्या हाताच्या दोन बोटांनी ठोका आणि डाव्या हाताच्या नखानं मधली बारीक भर, असं त्यानं त्या ट्रंकेवर सुरू केलं. एकवर जोर, चारवर थोडा कमी जोर आणि मधल्या फटीतून नख असं काही सळसळत जायचं की पत्रा कातड्यासारखा बोलायला लागला. अठ्ठावीस वर्षं त्या बोटांनी हे केलं नव्हतं. मी वाजवत राहिलो. एफ आला, बोटं वेळेत गेली नाहीत, दोन तारा मेल्या, पण ठेका आबाच्या हातात होता, त्यानं मला ओढून पलीकडं नेलं. आई चुलीपाशी उठून बसलेली, ती बोलली नाही. चार फेऱ्या झाल्या असतील. मग आबानं हात काढून घेतला, बोटांकडं बघितलं आणि पांघरूण ओढलं.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं. 'आबा, शिकवा की मला हलगी.'

'न्हाई.'

'घरात. आपल्यापुरती. कुणाच्या दारात न्हाई वाजवायची.'

'न्हाई म्हनलं न्हवं.'

पुढं दहा-बारा वेळा विचारलं असेल. मिल २००३ ला बंद पडली, तो घरात बसून असायचा, तेव्हाही विचारलं. मी नामांतराचं, पँथरचं, गुलामांच्या ढोलाचं सगळं सांगितलं. तो ऐकून घ्यायचा. एकदा म्हणाला, 'त्यांचं त्यास्नी म्हाईत. माझ्या हातातलं माझ्याबरोबर जाऊ दे.' आणि गेलं. २०११ ला आबा गेला. कड्याला कातडं चढलं नाही.

आता १४ एप्रिलला बिंदू चौकात येणाऱ्या मिरवणुकीत हलग्या असतात. पोरं-पोरी निळे शर्ट घालून वाजवतात, वाकून काही उचलत नाहीत. तमिळनाडूत परईचं तसंच झालं, मयताचं वाद्य म्हणून ज्याची घाण वाटायची ते आता चळवळीचं झालंय. २०१८ च्या जानेवारीत चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकारानं 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' उभा राहिला, त्यात तर गाना, रॅप, रॉक, गिटार सगळं एकत्र. ते ऐकलं तेव्हा मला चौतीस वर्षांपूर्वीची ती स्टेन्सिल आठवली. आनंद झाला. आणि आबाचा नकारही आठवला. दोन्ही खरं आहे. यातून कसं निघायचं ते मला जमलेलं नाही आणि जमल्यासारखं मी लिहिणार नाही.

परवा बहिणीचा नातू आला होता, नववीत आहे. कडं खिळ्यावरून काढून म्हणाला, 'आज्या, याला कातडं लावून घेऊ या? तू ठेका शिकव.'

मी म्हणालो, मला हलगी येत नाही. ट्रंकेवरचा तेवढा एक येतो. सहा मात्रांचा.

'मग तो दाखव,' म्हणाला.

ट्रंक अजून आहे. तिच्यावरचे कपडे काढायला लागलो.